मैदानाची किल्ली पोरांच्या हातात द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परवा तुमच्या क्रीडा पानावर आंतरविद्यापीठ स्पर्धेला निघालेल्या मुलींच्या खो-खो संघाचा फोटो आला होता. खाली सगळ्यांची नावं, मग मार्गदर्शक सर, मग अभिनंदन करणाऱ्यांची लांबलचक यादी. फोटो बघून बरं वाटलं, त्या पोरी किती घाम गाळून तिथवर पोचल्या असतील ते मला चांगलं माहिती आहे कारण माझी लेक पण खो-खोच खेळायची. तिच्यामुळेच हे पत्र लिहितेय, जरा मोठं होईल, जागेअभावी कापलंत तरी चालेल पण शेवटची विनंती तेवढी राहू द्या.

आम्ही साताऱ्याचे. लेक शाळेत असताना जिल्ह्याकडून राज्य स्पर्धेपर्यंत गेली होती, सूर मारून गडी टिपायची तेव्हा दोन्ही कोपरं सोललेली असायची, घरी आली की मी हळद लावत बसायचे. दहावीनंतर सगळे म्हणाले आता पुरे, क्लास लावा. लावला. मग पुण्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजला अॅडमिशन मिळाली. कॉलेजचं नाव मी देत नाही, कारण जे तिथे चालतं तेच बहुतेक ठिकाणी चालतं असं मी चार पालकांकडून ऐकलंय.

तिथे खो-खोचा संघ कसा बनायचा ते सांगते. इंटरकॉलेजच्या तारखा लागल्या की आठ दिवस आधी शिपाई नोटीस घेऊन वर्गावर्गात यायचा, कोणी खो-खो खेळलंय का, हात वर करा. नऊ मुली जमवायची मारामार, त्यातल्या तिघींनी आयुष्यात कधी खो दिलेला नसायचा. मैदानावर स्टाफच्या गाड्या लागायच्या. दोन खांबांपैकी एक जागेवर उभा, दुसरा स्टोअररूमच्या भिंतीला टेकवलेला, गंजलेला, तो रोवायला कोणाला तरी सांगावं लागायचं आणि स्टोअररूमची किल्ली ज्यांच्याकडे ते रजेवर. मुलींनी ६ च्या आत कॅम्पसबाहेर. मग प्रॅक्टिस कधी करणार? दुपारी दीड ते दोन, जेवणाच्या सुट्टीत, उन्हात.

आणि स्पर्धा नॉकआउट. सकाळी ९ ची मॅच, समोर तयारीचा संघ, एका डावाने मार खाल्ला आणि तासाभरात वर्ष संपलं. चार वर्षांत लेकीच्या वाट्याला कॉलेजच्या पाच मॅच आल्या, पाच! तिसऱ्या वर्षी ती मला फोनवर म्हणाली, आई मी आता खेळाडू नाहीये, फॉर्मवर छंद म्हणून लिहिते तेवढंच. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

पुढे ती मास्टर्सला अमेरिकेत एमआयटीला गेली. बोस्टनजवळची एमआयटी, आपल्या कोथरूडची नाही. गेल्या वर्षी तिच्या पदवीदान समारंभासाठी आम्ही दोघं एप्रिलमध्येच गेलो, दीड महिना राहिलो, आणि मी तिथे जे बघितलं त्याने माझी झोप उडाली म्हटलं तरी चालेल.

आपल्याकडे अमेरिकेतल्या कॉलेजचा खेळ म्हटलं की लोकांना मोठमोठी स्टेडियम आणि स्कॉलरशिप आठवतात. ते खरं आहेच. पुण्याची ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एम कडून टेनिस खेळली आणि नंतर २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण घेऊन आली. पुण्याचाच अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेटकडून खेळला. उंच उडीवाला तेजस्विन शंकर कॅन्सस स्टेटमध्ये शिकत असताना २०१८ आणि २०२२ ला तिथला राष्ट्रीय कॉलेज विजेता झाला. याला तिकडे व्हर्सिटी म्हणतात, म्हणजे विद्यापीठाचा अधिकृत संघ. पगारी कोच, प्रवास, कपडे, फिजिओ सगळं युनिव्हर्सिटीचं, आणि खेळायचं ते बहुतेक एनसीएए नावाच्या संघटनेच्या नियमांखाली.

एमआयटीत असे ३३ व्हर्सिटी खेळ आहेत. इंजिनिअर घडवणारी संस्था आणि ३३ खेळ! त्यातही ही संस्था एनसीएएच्या डिव्हिजन थ्री मध्ये मोडते आणि त्या विभागात खेळासाठी एक डॉलरची पण स्कॉलरशिप द्यायला परवानगी नाही, म्हणजे जो खेळतो तो खेळायचंय म्हणून खेळतो. त्यांच्या मुलांच्या क्रॉस कंट्री संघाने २०२२ मध्ये त्या डिव्हिजनचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं, दिवसा लॅब आणि पहाटे पळणं. पदवीच्या प्रत्येक मुलामुलीला शारीरिक शिक्षणाचे चार कोर्स करावेच लागतात आणि पोहता आलं पाहिजे, नाहीतर पोहण्याचा क्लास करावा लागतो. तिरंदाजी, तलवारबाजी, शिडाची होडी आणि पिस्तूल असे चार कोर्स केले तर "पायरेट" म्हणजे समुद्री चाच्याचं सर्टिफिकेट देतात, अगदी अधिकृत. हे ऐकून आमचे हे इतके खूश झाले की साताऱ्याला परत आल्यावर प्रत्येकाला सांगत सुटले.

पण माझी लेक व्हर्सिटीत नव्हती. ती होती क्लबमध्ये, आणि मला जे सांगायचंय ते क्लबबद्दल सांगायचंय.

क्लब म्हणजे पोरापोरींनी स्वतः चालवलेला संघ. अध्यक्ष विद्यार्थी, खजिनदार विद्यार्थी, प्रॅक्टिसचं टाइमटेबल विद्यार्थ्यांचं. युनिव्हर्सिटी मैदानाची वेळ देते, थोडे पैसे देते, विमा आणि सुरक्षेचे नियम घालून देते, बाकी तुमचं तुम्ही बघा. वर्गणी काढा, कोच पाहिजे तर शोधा, गाडी भाड्याने घ्या. याच्याही खाली तिसरी पायरी आहे, इंट्राम्युरल, म्हणजे हॉस्टेल विरुद्ध हॉस्टेल, लॅब विरुद्ध लॅब, ज्याला काहीच येत नाही त्याच्यासाठी पण एक गट असतो. म्हणजे तुम्ही कुठल्याही दर्जाचे असा, तुमच्यासाठी संध्याकाळी ७ वाजता कुठेतरी जागा आहे.

लेकीने पहिल्या महिन्यात खो-खो शोधला, अर्थातच नव्हता. मग कोणीतरी तिला अल्टिमेट फ्रिस्बीच्या प्रॅक्टिसला नेलं. आपल्याकडे बीचवर फेकतात ती तबकडी, पण हा खेळ भलताच दमछाक करणारा आहे. सात-सात जणी, १७५ ग्रॅमची डिस्क, हातात डिस्क असेल तर पळायचं नाही, फेकत फेकत पलीकडच्या टोकाला पोचवायची, बहुतेक मॅच १५ पॉइंटची. आणि डिस्क निसटायला लागली की सूर मारायचा! लेक म्हणाली पहिल्याच दिवशी तिने न विचारता सूर मारला आणि सगळ्या बघत राहिल्या, कारण नवीन मुलींना ते शिकायला वर्ष लागतं. हुलकावणी तर तिच्या अंगातच होती, दुहेरी साखळीत पळालेल्या पोरीला तिथे कोण पकडणार. सहा वर्षं झोपलेली गोष्ट परत जागी झाली असं तिच्या आवाजावरूनच मला फोनवर कळलं होतं.

मी एका संध्याकाळी ब्रिग्ज फील्डवर त्यांची प्रॅक्टिस बघायला गेले. एप्रिल असूनही थंडी एवढी की मी दोन स्वेटर आणि वर शाल घेऊन बसले होते. दिवे लागलेले, वीस-बावीस मुली, आजूबाजूला एकही सर नाही, मॅडम नाही, शिट्टी नाही. माझ्यातली शिक्षिका सारखी शोधत होती की यांना सांभाळतंय कोण. जी मुलगी वॉर्मअप घेत होती ती केमिस्ट्रीत पीएचडी करणारी, तिच्या हातात ड्रिलचा कागद. मग दोन गट करून मॅच सुरू झाली. मध्येच एकीला धक्का लागला, तिने "फाउल" म्हणून ओरडून खेळ थांबवला, जिने धक्का दिला ती म्हणाली मला नाही तसं वाटत. दोघी समोरासमोर उभ्या, अर्धा मिनिट बोलल्या, आवाज कोणाचाच चढला नाही, एकमत झालं नाही म्हणून डिस्क परत फेकणारीकडे गेली आणि खेळ पुढे सुरू. या खेळाला अंपायर नसतो, खेळणाऱ्यांनीच फाउल सांगायचा आणि खेळणाऱ्यांनीच मिटवायचा, असाच नियम आहे. मी २७ वर्षं झेडपीच्या शाळेत शिकवलं, मैदानावरची भांडणं सोडवण्यात निम्मा वेळ गेला, आणि मी ते बघत राहिले.

घरी आल्यावर लेकीने लॅपटॉप उघडून हिशोब दाखवला, कारण ती दुसऱ्या वर्षी क्लबची खजिनदार होती. कोणी किती वर्गणी दिली, कोणाला परवडत नाही म्हणून किती माफ केली, व्हॅनचं भाडं, पेट्रोल, स्पर्धेची एंट्री, डिस्क किती हरवल्या. चार-पाच तास गाडी चालवून स्पर्धेला जायचं, कोणाच्या तरी घरी जमिनीवर स्लीपिंग बॅग टाकून झोपायचं, शनिवार-रविवार मिळून सहा-सात मॅच खेळायच्या. दोन दिवसांत सहा-सात! पुण्यातल्या चार वर्षांपेक्षा जास्त. आणि हरलं म्हणून कोणी घरी पाठवत नाही, हरलेल्या संघांच्या आपापसात मॅच होतात, कितवा नंबर लागतो ते ठरेपर्यंत.

लेकीनेच सांगितलेली एक गोष्ट मला फार आवडली. १८६९ मध्ये ६ नोव्हेंबरला रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात तिकडचा पहिला कॉलेज फुटबॉल सामना झाला. बरोबर १०३ वर्षांनी, १९७२ ला, त्याच तारखेला, त्याच जागी, तोवर तिथे पार्किंग झालं होतं, त्याच दोन कॉलेजांच्या पोरांनी पहिली कॉलेज अल्टिमेट मॅच खेळली. दोन्ही वेळा रटगर्सच जिंकलं आणि दोन्ही वेळा दोनच गुणांनी, ६-४ आणि २९-२७. पार्किंगमध्ये खेळून एक खेळ उभा राहिला, आणि आमच्याकडे मैदानाचं पार्किंग झालं.

तिकडे सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही. पैसे वाचवायचे म्हटलं की तिथेही खेळावरच सुरी चालते. २००९ मध्ये याच एमआयटीने ४१ पैकी ८ व्हर्सिटी खेळ एकदम बंद केले, कुस्ती, आईस हॉकी, जिम्नॅस्टिक्स वगैरे. स्टॅनफर्डने २०२० मध्ये ३६ पैकी ११ खेळ बंद करायचं जाहीर केलं होतं, खेळाडू आणि माजी विद्यार्थी भांडले तेव्हा २०२१ मध्ये निर्णय मागे घेतला. मोठ्या फुटबॉलवाल्या युनिव्हर्सिट्यांमध्ये तर आता पैशाचाच खेळ झालाय, जून २०२५ मध्ये कोर्टाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर एक युनिव्हर्सिटी आपल्या खेळाडूंना वर्षाला साधारण २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत थेट देऊ शकते. त्या वाटेला आपण जाऊ नये आणि जाऊही शकत नाही. पण एमआयटीत २००९ ला बंद झालेल्या खेळांपैकी काही पोरांनी क्लब म्हणून चालू ठेवले. आणि तिथला फुटबॉल संघ तर १९७८ मध्ये मुलांनी क्लब म्हणून काढला होता, दहाएक वर्षं तसाच चालवला, मग तो व्हर्सिटी झाला. वरचं सगळं कोसळलं तरी क्लब राहतो, आणि क्लब नीट चालला तर वरचं उभं राहतं.

आमच्याकडे फक्त वरचं आहे. इंटरकॉलेज, मग इंटरझोन, मग विद्यापीठ कॅम्प, मग पश्चिम विभाग, मग अखिल भारतीय. ही शिडी चांगली आहे, खेलो इंडिया युनिव्हर्सिटी गेम्स २०२० पासून सुरू झाल्या ते पण चांगलंच झालं, २०२३ मध्ये चेंगडूच्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत आपल्या पोरांनी २६ पदकं आणली. पण शिडीला खालच्या पायऱ्याच नाहीत. ज्याची निवड झाली नाही त्याने कॉलेजच्या मैदानावर पाय ठेवायचा संबंधच येत नाही, मग तो जिमची मेंबरशिप घेतो नाहीतर पैसे भरून टर्फ बुक करतो, तेही मुलगेच, मुलींना तर तेवढंही नाही.

आणि हे आपल्याला जमणार नाही असं कोणी म्हणू नये. क्लब ही कल्पना आपल्याला परकी आहे का? पुण्याच्या डेक्कन जिमखान्याची स्थापना १९०६ ची, एनसीएए सुद्धा १९०६ चीच, त्यांची फुटबॉलमध्ये मुलं दगावायला लागली आणि राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांना मध्ये पडावं लागलं म्हणून निघालेली. आपल्या खो-खोचे पहिले लिखित नियम १९१४ च्या सुमारास पुण्यातच केले, कुठल्या सरकारी खात्याने नाही, खेळणाऱ्या लोकांनी एकत्र बसून. आमच्या ह्यांच्या वेळी कॉलेजात जिमखाना सेक्रेटरी विद्यार्थ्यांनी निवडलेला असायचा, बॅट-बॉलच्या खरेदीवर त्याची सही लागायची. १९९० च्या दशकात कॉलेजच्या निवडणुका बंद झाल्या, त्याला कारणं होती, मारामाऱ्या होत होत्या, पण त्याबरोबर पोरांच्या हातातली मैदानाची जबाबदारी पण गेली. पवईच्या आयआयटीत हॉस्टेल-हॉस्टेलच्या मॅच अजून जोरात होतात ना, पहिल्या वर्षाच्या मुलांना एनसीसी, एनएसएस नाहीतर खेळ यातलं एक घ्यावंच लागतं ना, मग बाकीच्या कॉलेजांना काय अडचण आहे.

आणि वर्गणी, पावतीपुस्तक, हिशोब, परवानग्या, रात्री बारापर्यंत राबणं, हे आपल्या १८-२० वर्षांच्या पोरांना कोणी शिकवायची गरज आहे का? दर गणपतीत गल्लोगल्ली तेच करतात की. त्यातल्या कार्यकर्त्याला कॉलेजच्या दारातून आत आल्यावर आपण स्टोअररूमच्या किल्लीलाही हात लावू देत नाही.

माझं मागणं फार खर्चाचं नाही. प्रत्येक कॉलेजने मैदान संध्याकाळी ५ ते ८ गाड्यांपासून मोकळं ठेवावं आणि दोन दिवे लावावेत. ज्या खेळाला वीस मुलं किंवा मुली सह्या करून येतील त्याला क्लब म्हणून नोंदवावं, त्यांना ठरलेली वेळ द्यावी, सामानाची किल्ली रजिस्टरवर सही घेऊन त्यांच्याकडे द्यावी. फीच्या पावतीवर जिमखाना किंवा क्रीडा शुल्क म्हणून जे आपण भरतो त्यातला काही भाग या क्लबांना मिळावा, आणि त्यांनी वर्षाअखेर हिशोब नोटीस बोर्डावर लावावा. मुलींच्या क्लबला वेळ देताना ६ वाजताचा नियम लावू नये, लावायचाच असेल तर गेटवर एक महिला सुरक्षारक्षक जास्त नेमावी, मुलींना घरी बसवून सुरक्षा देऊ नये.

विद्यापीठाकडून एवढंच पाहिजे की इंटरकॉलेज स्पर्धेआधी झोनमधल्या चार-पाच कॉलेजांची साखळी स्पर्धा ठेवावी, जुलै ते सप्टेंबर दर शनिवारी एक मॅच. हरलेल्या संघाला पुढच्या शनिवारी परत खेळायला मिळालं पाहिजे. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो वर्ल्ड कप झाला, पुरुष आणि महिला दोन्ही भारताने जिंकले आणि दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर. त्या फायनलनंतर किती मुलींना वाटलं असेल आपणही खेळावं. त्यांनी दुसऱ्या दिवशी कॉलेजात जाऊन विचारलं असेल तर त्यांना काय उत्तर मिळालं असेल ते मला अंदाजाने सांगता येतं.

मी लेकीच्या जुन्या कॉलेजला यातलं सगळं लिहून दिलंय, ई-मेल पण केली आणि पोस्टाने पण पाठवलं, पोच आली, उत्तर यायचंय. फिजिकल डायरेक्टर सरांशी फोनवर बोलले, ते चांगले आहेत, म्हणाले मॅडम माझ्या एकट्याकडे १४ खेळ, एनएसएस आणि परीक्षेचं सुपरव्हिजन आहे. म्हणूनच तर म्हणतेय, सर, पोरांना घ्या जोडीला, तुमचाच भार कमी होईल.

आता शेवटची विनंती, ही तुमच्याकडे. पूर्वी तुमच्याच पेपरात कॉलेजच्या मॅचचे निकाल बारीक अक्षरात यायचे, कोण कोणाशी, किती गुणांनी, कोणी किती गडी बाद केले. अंतिम सामन्याचेच नाही, पहिल्या फेरीचे पण. माझ्या लहान बहिणीचं नाव असं एकदा आलं होतं, चार ओळींत, वडिलांनी ते कात्रण पाकिटात ठेवलं होतं. ते निकाल परत छापायला सुरुवात करा. क्लबच्या मॅच सुरू झाल्या तर त्यांचेही छापा, आठवड्यातून एक दिवस, अर्धा कॉलम.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका आणि पालक, सातारा